भाच्याचा एक्सक्लुझिव्ह आणि वहिनींच्या पाटल्या

पत्र थोडक्यात असं आहे. दादर पश्चिमेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका मामांचं दीडशे फुटांचं दुकान आहे. मोबाईलची कव्हरं, चार्जर, इयरफोन, आणि गेली नऊ-दहा वर्षं व्हिडिओ गेम, म्हणजे कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन), कंट्रोलर, नव्या-जुन्या डिस्क. दोन वर्षांपासून बहिणीचा मुलगा दुकानात मदतीला येतो, वय बावीस, इन्स्टाग्रामचं पेज तोच बघतो, गेममधलं सगळं त्याला कळतं. आता त्याचं म्हणणं असं की पीएस५वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५वर, एक मोठा एक्सक्लुझिव्ह गेम येतोय, दुसऱ्या कुठल्याच मशीनवर तो मिळणार नाही, त्यामुळे गेम आला की मशीन धडाधड जाणार, तर आधीच आठ मशीन उचलून ठेवूया. आठ मशीन म्हणजे चार लाखांच्या आसपास. तेवढी रोकड दुकानात नाही. मामींच्या माहेरच्या पाटल्या गहाण ठेवून महिना एक टक्क्याने पैसे मिळतायत. मामी "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणाल्या. मामा विचारतात, "ताई, एक्सक्लुझिव्ह गेममुळे कन्सोल खरंच विकले जातात का? भाच्याचं ऐकू का? नाही म्हटलं तर पोरगं दुखावेल आणि दुकान सोडेल अशी भीती वाटते."

मामा (तुम्ही सहीच तशी केलीये, मग मीही मामाच म्हणते),

गेमचं नाव मी वर दिलं नाही कारण वर्षभरानं दुसऱ्या गेमचं नाव असेल आणि पत्र हेच असेल. आणि आधीच सांगते, मी गेम खेळणारी बाई नाही, पण लॅमिंग्टन रोडवरच्या एका होलसेलरकडे अठरा वर्षं हिशेब लिहिलेत, माझं टेबल काउंटरला चिकटूनच होतं, त्यामुळे कोण काय मागतं, काय घेतं आणि काय माळ्यावर जातं हे रोज बघितलंय.

भाचा चुकीचं बोलत नाहीये, हे पहिलं. एक गेम मशीन विकतो हे पार १९८० सालापासून माहीत असलेलं आहे, अटारीच्या मशीनवर स्पेस इनव्हेडर्स आला तेव्हा लोकांनी तो घरी खेळता यावा म्हणून मशीन विकत घेतलं. २००१ला मायक्रोसॉफ्ट पहिला एक्सबॉक्स घेऊन आली तेव्हा त्यांना या धंद्यात कोण ओळखत होतं, हेलो नावाचा एक गेम होता आणि त्याच्या जिवावर ते मशीन उभं राहिलं. आणि सगळ्यात गमतीचं २०१७चं, मार्च महिन्यात निन्टेन्डो या जपानी कंपनीनं स्विच नावाचं मशीन आणलं आणि त्याच दिवशी झेल्डाचा नवा गेम, तर अमेरिकेत त्या महिन्यात मशीन विकली गेली ९ लाख ६ हजार आणि त्या मशीनसाठीच्या झेल्डाच्या प्रती ९ लाख २५ हजार! मशीनपेक्षा गेम जास्त. काहींनी एक खेळायला आणि एक जपून ठेवायला अशा दोन घेतल्या म्हणे, काहींनी मशीन हातात यायच्या आधीच गेम घेऊन ठेवला. भाच्याला हे सांगा, खूश होईल.

पण आता त्याच निन्टेन्डोची दुसरी गोष्ट सांगते, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण इतकी स्वच्छ तुलना धंद्यात क्वचित बघायला मिळते. स्विचच्या आधी त्यांचं वी यू नावाचं मशीन होतं. २०१४ला त्यावर मारिओ कार्ट ८ आला. गाड्यांच्या शर्यतीचा गेम, लहान-मोठे सगळे खेळतात, आणि निन्टेन्डो सोडून कुठेही मिळत नाही, म्हणजे एक्सक्लुझिव्ह म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असणार. ८४ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. आणि मशीन? शेवटपर्यंत एकूण साधारण १ कोटी ३५ लाखांवरच अडकलं, कंपनीच्या मोठ्या आपटींपैकी एक. नंतर हाच गेम थोडी भर घालून २०१७च्या एप्रिलमध्ये स्विचवर आणला, तर तिथे तो ६ कोटींच्या वर गेला आणि ते मशीन १५ कोटींच्या पुढे.

गेम तोच. ट्रॅक तेच, गाड्या त्याच. वी यू ज्यांच्याकडे होतं त्यांच्यातल्या दहातल्या सहा जणांनी तो घेतला, म्हणजे गेम आवडला नाही असं अजिबात नाही. पण ज्यांच्याकडे मशीन नव्हतं ते उठून दुकानात आले नाहीत, कारण वी यू म्हणजे नवीन मशीन आहे की त्यांच्याच जुन्या वी मशीनचा एक्स्ट्रा पाटीसारखा कंट्रोलर आहे हेच अर्ध्या लोकांना कळत नव्हतं. स्विच मात्र बघताक्षणी कळायचं, टीव्हीला लावा नाहीतर हातात घेऊन ट्रेनमध्ये खेळा. तर मामा, कन्सोल गेम विकतो की गेम कन्सोल विकतो? दोन्ही होतं, पण एकाच बाजूनं जोर लावला तर गाडी हलत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या पत्रात आणि भाच्याच्या डोक्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. गिऱ्हाईक मनात दोन गोष्टी ठरवतं. एक, मशीन घ्यायचं की नाही. दोन, घ्यायचंच तर कुठलं. एक्सक्लुझिव्ह गेमचा सगळा जोर या दुसऱ्या प्रश्नावर असतो. समजा पीएस५ आणि एक्सबॉक्स, दोन्ही मशीनची किंमत सारखी, ताकद सारखी, मग माणूस म्हणतो स्पायडरमॅन कुठे आहे? सोनीकडे? मग तेच द्या. याला मी फळीवरून फळीवर म्हणते, गिऱ्हाईक डाव्या फळीवरून उजव्या फळीकडे वळलं. सोनीसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न, कारण मशीनवर त्यांना फारसं सुटत नाही (मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी तर २०२१ला कोर्टात सांगितलं की एक्सबॉक्स मशीन विकून आम्ही कधी नफा कमावलाच नाही), सगळी कमाई पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण तीस टक्के कापून घेण्यात आहे, तर एकदा माणूस त्यांच्या घरात आला की सात-आठ वर्षं तो देत राहतो. म्हणून ते एकेका गेमवर एवढा पैसा ओततात. द लास्ट ऑफ अस पार्ट टू करायला २२ कोटी डॉलर लागले होते, हे २०२३ला कोर्टाच्या कागदांवर गुप्त आकडे झाकायची काळी शाई नीट न फिरवल्यामुळे बाहेर आलं, मला तो किस्सा फार आवडतो.

रॉबिन ली नावाच्या एका अर्थतज्ज्ञानं २०१३ साली याच विषयावर अभ्यास छापला होता, पीएस२, पहिला एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबच्या जमान्याचा. त्याचं म्हणणं असं निघालं की एक्सक्लुझिव्ह गेमचा फायदा झाला तो नव्यानं आलेल्या दोघांना, आधीच मोठ्या असलेल्या सोनीला नाही. म्हणजे काय, तर ज्याची फळी रिकामी आहे त्याला गिऱ्हाईक ओढायला हे हत्यार लागतं.

पण तुमच्या दुकानात दोन्ही फळ्या तुमच्याच आहेत! गिऱ्हाईक डावीकडचं घेवो की उजवीकडचं, गल्ल्यात तेवढेच पडणार. तुम्हाला कामाचा आहे तो पहिला प्रश्न, घ्यायचं की नाही. आणि तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षभरात एक्सबॉक्स दोनच गेले. मग भाच्याचा एक्सक्लुझिव्ह गिऱ्हाईक ओढणार तरी कुठून? दुसऱ्या फळीवर आहेच कोण.

मग घ्यायचं की नाही हे कशावर ठरतं. शनिवार संध्याकाळचं आमचं काउंटर सांगते. बाप आणि आठवी-नववीतला मुलगा. बाप किंमत विचारतो, मग हप्ते पडतील का विचारतो, मग वॉरंटी. मुलगा तोपर्यंत फोनवर मित्राला विचारत असतो, तुझ्याकडे कुठलं आहे रे. मग बापाचा शेवटचा प्रश्न जवळजवळ नेहमीचा, "यात दोघं खेळू शकतात ना?" आणि मशीनबरोबर पहिली डिस्क कुठली जाते, तर फिफा (नाव कंपनीनं कधीच बदललं, आपल्याकडे अजून फिफाच), नाहीतर जीटीए, नाहीतर कॉल ऑफ ड्युटी, नाहीतर डब्ल्यूडब्ल्यूई. यातला एकही एक्सक्लुझिव्ह नाही. सगळे दोन्ही मशीनवर मिळतात. हे फक्त आपल्याकडचं म्हणू नका, वर सांगितलेल्या त्याच कोर्टाच्या कागदांत होतं की २०२१मध्ये साधारण १० लाख प्लेस्टेशनवाले असे होते जे कॉल ऑफ ड्युटी सोडून दुसरं काही खेळतच नव्हते. दहा लाख मशीन, एका गेमसाठी, आणि तो गेम शेजारच्या मशीनवरही मिळतो.

आणि ज्या गेमांनी खरंच घ्यायचं-की-नाही हा प्रश्न सोडवला, म्हणजे आयुष्यात कधी कन्सोल न घेतलेल्या माणसाला दुकानात आणलं, ते बघा कसले होते. गेमबॉयबरोबर डब्यातच आलेला टेट्रिस. वीबरोबर आलेला टेनिस-बोलिंगचा गेम, आजी-आजोबा हात हलवून खेळायचे. पीएस२ तर कित्येकांनी डीव्हीडी बघायला घेतलं, गेम नंतर. आपल्याकडे त्याही आधी घरोघर तो नकली डबा आला, कॅसेट फुंकून लावायचा, मारिओ आणि कॉन्ट्रा, तिथे एक्सक्लुझिव्ह कुणाला माहीत होतं, डबा कुठल्या कंपनीचा तेच माहीत नसायचं.

भाच्याला अजून एक गोष्ट विचारा. त्याच्या डोक्यात २०२१ तर नाही ना? पीएस५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला आलं, डिस्कवालं ४९,९९० रुपयांना, आणि आधीचं बुकिंग काही मिनिटांत संपलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने दुकानदार सांगेल ती किंमत, वर दोन डिस्क आणि एक कंट्रोलर गळ्यात मारायचे, तरी लोक घ्यायचे. तेव्हा भाचा सतरा-अठरा वर्षांचा असणार, त्यानं हेच बघितलं आणि त्याला वाटलं मशीन असंच जातं. ते गेममुळे नव्हतं हो, जगात मशीनमध्ये लागणाऱ्या चिप्सचा तुटवडा होता. माल नसला की कुठलाही माल जातो. आज माल भरपूर आहे, आणि मधेच ऑनलाइनवर काही हजारांची सूट जाहीर होते, त्या दिवशी तुमच्या आठ डब्यांचं काय?

तुमचेच आकडे घेऊन बघू. एका मशीनवर दोन हजार सुटतात म्हणता, आठचे झाले १६,०००. चार लाखांवर महिना एक टक्का म्हणजे ४,००० व्याज. चार महिने आठही मशीन पडून राहिली तर नफा शून्य, पाचव्या महिन्यापासून खिशातून. आणि मधे एक जरी सेल लागला आणि पाच हजारांनी रेट उतरला तर आठ मशीनवर ४०,००० कमी येणार, त्यातून १६,०००चा नफा वजा केला तरी २४,०००चा खड्डा. सगळं नीट झालं तर १६,००० (व्याज वजा जाऊन अजून कमी), बिघडलं तर २४,०००चा तोटा, त्यावर व्याज, आणि वर पाटल्या अडकलेल्या. एका भाकरीसाठी कोणी चूल मांडत नाही, तसं एका गेमसाठी सहसा कोणी पन्नास हजारांचं मशीन मांडत नाही. तीन-चार गेम साठले, मित्राकडे बघितला, दिवाळीचा बोनस आला, दहावीला टक्के चांगले पडले, मग येतो माणूस. पीएस४चं असंच झालं, २०१५पासून एकेक करत २०१८पर्यंत गॉड ऑफ वॉर आणि स्पायडरमॅन आले तोवर ढीग झाला होता, आणि तो ढीग मशीन विकत होता.

शिवाय एक्सक्लुझिव्ह हा शब्दच आता पूर्वीसारखा घट्ट राहिलेला नाही, आणि हे भाच्याला चांगलं माहीत असणार, तुम्हाला सांगत नसेल. सोनीचा घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२०चा, २०२४मध्ये कॉम्प्युटरवर आला. स्पायडरमॅन २ ऑक्टोबर २०२३चा, जानेवारी २०२५मध्ये कॉम्प्युटरवर, म्हणजे सव्वा वर्षात. हेलडायव्हर्स २ तर पहिल्याच दिवशी दोन्हीकडे. खर्च एवढा वाढलाय की एकाच फळीवरून तो वसूल होत नाही. आणि तिकडे मायक्रोसॉफ्टनं गेम बनवणाऱ्या कंपन्याच विकत घेतल्या, बेथेस्डा ७५० कोटी डॉलरला घेतली, अॅक्टिव्हिजन ६,८७० कोटी डॉलरला घेतली, स्टारफील्ड हा गेम फक्त स्वतःच्या मशीनवर आणि कॉम्प्युटरवर ठेवून बघितला २०२३ला, तरी एक्सबॉक्सकडे रांगा लागल्या नाहीत. एक्सबॉक्सचे तेव्हाचे साहेब फिल स्पेन्सर स्टारफील्ड यायच्या आधीच एका मुलाखतीत जवळजवळ कबूलच झाले होते, की गेम कितीही भारी केला तरी लोक आपलं पीएस५ विकून आमच्याकडे येणार नाहीत, कारण मागच्या पिढीत सगळ्यांनी आपापले डिजिटल गेम एका ठिकाणी साठवून ठेवलेत. आणि मग त्यांनी स्वतःचा शर्यतीचा गेम फोर्झा होरायझन ५ही पीएस५वर आणला, २०२५च्या एप्रिलमध्ये. ज्या हेलोवर एक्सबॉक्स उभा राहिला तोही पीएस५वर येणार हे त्याच वर्षी जाहीर केलं. घर बदलणं जसं अवघड, मित्र, दूधवाला, शाळा सगळं इथेच, तसंच मशीन बदलणं.

निन्टेन्डो तेवढी अजून हट्टाला पेटून आहे, मारिओ दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर जाऊ देत नाहीत, आणि जून २०२५मध्ये स्विच २ पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांच्या वर गेलं. म्हणून भाचा उद्या म्हणेल मग स्विच आणू. ते आपल्याकडे अधिकृत येत नाही, दुबईहून कुणीतरी आणतं, बिघडलं की गिऱ्हाईक तुमच्या दारात आणि तुम्ही कुणाच्या दारात? एखाद-दुसरं ऑर्डरप्रमाणे मागवा, त्याहून जास्त नको. (जाता जाता, आपल्या पुण्यातल्या मंडळींनी केलेला राजी हा गेम २०२०च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवरच आला होता, बाकी मशीनवर दोन महिन्यांनी. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या माणसाला पहिल्या दिवशी खेळायचा तर दुबईचा डबा लागणार! हसावं की काय करावं.)

आता माझ्या शेठजींची गोष्ट सांगते, नाव नाही सांगत. त्यांनाही असंच कुणीतरी सांगितलं होतं की हा गेम येतोय, हे मशीन उडणार. बारा मशीन आणि त्या गेमच्या साठ डिस्क उचलल्या. मशीन कशीबशी वर्षभरात गेली, शेवटची तीन घाट्यात. डिस्क माळ्यावर. स्टॉक मोजायला मी दर मार्चला शिडी चढायचे, तर प्रत्येक डिस्कवर स्टिकरवर स्टिकर, खाली २,४९९, त्यावर १,४९९, त्यावर ४९९, आणि वरच्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला, म्हणजे कुणीतरी गिऱ्हाईकानं खालची किंमत बघून हसून परत ठेवलेली. प्लास्टिक तसंच, धूळ बसून चिकट झालेलं. मी नोकरी सोडली तेव्हा अकरा शिल्लक होत्या.

पण थांबा, भाच्याला नाही म्हणा असं मी सांगतच नाहीये. त्याची माहिती सोन्यासारखी आहे, फक्त ती मशीनवर लावू नका, डिस्कवर लावा. कारण असं बघा. फिफा किंवा कॉल ऑफ ड्युटी घेतलेला माणूस ती डिस्क वर्षभर सोडत नाही, रोज रात्री मित्रांबरोबर तेच. पण हे एक्सक्लुझिव्ह गेम बहुतेक एकट्यानं खेळायचे, गोष्टीचे असतात. वीस-पंचवीस तासांत गोष्ट संपते, दोन-तीन आठवड्यांत डिस्क ड्रॉवरमध्ये. आणि ज्यानं पाच हजार घातलेत त्याला ती ड्रॉवरमध्ये बघवत नाही. तो परत तुमच्याकडेच येणार. समजा ३,२००ला परत घेतली, ३,८००ला दिली. महिन्यानं २,७००ला परत घेतली, ३,३००ला दिली. मग २,३००ला घेऊन २,८००ला. आकडे मी अंदाजानं धरलेत, तुमच्याकडचे तुम्ही बसवा, पण एका डिस्कवर तीन फेऱ्यांत १,७०० सुटले, जवळजवळ एका मशीनएवढे, आणि अडकले किती, तर पहिल्या वेळी साडेचार-पाच हजार. दहा डिस्क उचला, पन्नास हजारांच्या आत काम होतं, पाटल्यांना हात लावायची गरज नाही. गेम जेवढा गाजलेला तेवढ्या फेऱ्या जास्त. कुठला गाजणार, कुठला पहिल्याच आठवड्यात शिव्या खाणार, कुठला लवकरच कॉम्प्युटरवर येऊन जुन्या डिस्कचा भाव पाडणार, हे सगळं भाच्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. एक लक्षात ठेवा, डिस्क ड्राइव्ह नसलेलं मशीन विकलंत की ते गिऱ्हाईक डिस्कच्या धंद्यातून कायमचं गेलं, त्यामुळे दोन्ही दाखवताना हे डोक्यात असू द्या.

मशीन दोन ठेवा दुकानात, बाकी बुकिंग घेऊन. दोन-तीन हजार आगाऊ घ्या, भाच्याला त्याच्या पेजवर टाकू दे, की गेमबरोबर मशीन हवं असेल तर नाव नोंदवा. आठ नावं आली तर आठ उचला, मीच म्हणेन उचला. दीड नाव आलं तर तेही कळलं. आणि होलसेलरला तोंडी नको, कागदावर विचारा, मधे रेट उतरला तर क्रेडिट नोट देणार का, म्हणजे फरक भरून देणार का. देत नाही म्हणाला तर जोखीम सगळी तुमची, त्याची काही नाही, मग तो "घ्या हो, उडणार" का म्हणतोय ते आपोआप कळेल.

अजून एक, शंभर रुपयांचा खर्च. एक वही आणा. प्रत्येक मशीन विकल्यावर दोनच गोष्टी लिहायच्या, पहिला गेम कुठला नेला आणि आज का घ्यायला आलात. वाढदिवस, बोनस, मित्राकडे बघितला, जुनं बिघडलं, जे असेल ते त्यांच्याच शब्दांत. भाच्यानं लिहायचं, तुम्ही नाही. तीन-चार महिन्यांत तीस-चाळीस नोंदी होतील आणि मग तुमच्या दोघांत वाद राहणार नाही, वहीच सांगेल. मी चुकीची ठरले तरी चालेल. दादरचं गिऱ्हाईक वेगळं असू शकतं, लॅमिंग्टन रोडला लांबून ठरवून येणारे लोक जास्त.

आता राहिलं पोरगं दुखावण्याचं. पत्रात तुम्ही चार ओळी गेमवर लिहिल्यात आणि अर्धं पान त्याच्यावर, म्हणून विचारते, रागावू नका. दोन वर्षं तो येतोय, त्याला काय देता? "मदतीला येतो" असं लिहिलंय तुम्ही, पगार लिहिला नाही. बावीस वर्षांच्या मुलाला स्वतःचं असं काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि त्याच्या हातात दुसरं काही नाही म्हणून तो एकदम आठ मशीन म्हणतोय. सेकंडहँड डिस्कचा एक खण त्याच्या नावानं करा. पन्नास हजारांपर्यंत काय घ्यायचं ते तो ठरवणार, खरेदी-विक्री तो लिहिणार, नफ्यात अर्धा वाटा त्याचा, आणि हे बहिणीसमोर बोला, नुसतं दुकानात नको. आपटला तर त्या पन्नासातले दहा-पंधरा जातील, तेवढं शिकण्याची फी समजा. मला नाही वाटत तो सोडून जाईल.

वहिनींचं, म्हणजे मामींचं, एक. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" याचा अर्थ हो असा तुम्ही घेतलात. माझ्या आईनं हे वाक्य वडिलांना आयुष्यात तीनदा म्हटलं आणि तीनही वेळा तिचा अर्थ नाही असा होता. माहेरच्या पाटल्या आहेत, परत एकदा विचारा, आणि उत्तर द्यायला दोन दिवस द्या.

तुमच्यासारखंच बरेच आई-बाबा मला लिहितात की मुलगा म्हणतो अमुक गेम फक्त यावरच आहे म्हणून हेच मशीन पाहिजे, त्यांनाही इथेच सांगून टाकते. त्याला तो एक गेम सोडून अजून तीन नावं विचारा जी तो खेळणार आहे, आणि त्याच्या जवळच्या मित्रांकडे कुठलं मशीन आहे ते विचारा. तीन नावं पटकन आली तर त्याचं म्हणणं पक्कं आहे. नाही आली तर सहा महिने थांबा, गेम कुठे जात नाही, उलट स्वस्त होतो. आणि घरात चांगला कॉम्प्युटर असेल तर वर्ष-दोन वर्षं थांबायला हरकत नाही, बरेच गेम तिकडे येतात. जीटीए सहासाठी मशीन हवं म्हणत असेल तर तो पीएस५ आणि एक्सबॉक्स दोन्हीवर जाहीर झालाय, तिथे एक्सक्लुझिव्हचा प्रश्नच नाही, बजेट बघा.

आणि मामा, पत्राच्या अगदी खाली, सहीच्याही नंतर, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की मागच्या वेळच्या गेमचे दोन बंडल (मशीन आणि गेम एकाच डब्यात) अजून शोकेसमध्ये आहेत. ते आधी काढा, नव्याचं नंतर बघू. त्या बंडलमध्ये डिस्क नसते बऱ्याचदा, कोड छापलेला कागद असतो, आणि अशा कोडवर बहुतेक वेळा वापरायची मुदत असते. डबा फोडायची गरज नाही, बाहेर खालच्या बाजूला किंवा मागे बारीक छापलेलं सापडेल. नाही सापडलं तर होलसेलरला फोन करा, पण आज शटर ओढायच्या आधी ती तारीख बघून घ्या.